दीड पानाची बाई

तीन बहिणींतली मधली, म्हणून नाटकमंडळीतही सगळे तिला मधलीच म्हणत. तिच्या वाट्याला कायम मोलकरीण नाहीतर दाई यायची, आणि त्याचं तिला काही वाटत नसे. या खेपेला मंडळींनी एका जुन्या, गाजलेल्या अमेरिकन कादंबरीवरून नाटक बसवायला घेतलं. मधलीला मिळाली बड्या घरचे कपडे धुणारी बाई.

तिने हौसेने सगळी कादंबरी वाचून काढली. एवढ्या जाडजूड पुस्तकात त्या बाईला अवघं दीड पान. तिचं नाव लिहायला लेखक विसरला होता, पण तिच्या अंगाचा आंबूस वास मात्र त्याने पुन्हा पुन्हा लिहिला होता. मधलीच्या आईचा उभा जन्म इस्त्रीच्या दुकानात गेला होता, आणि आईच्या अंगाला वास यायचा तो साबणाचा.

दिग्दर्शकाला पुस्तकातला वासही कमी पडला. त्याने प्रसंग वाढवला. लग्नघरी बाई नवरीचे कपडे घेऊन येते, गालिच्याला अडखळून तोंडावर आपटते, आणि मालकीण नाकाला रुमाल लावते. तालमीत तो तिला सारखा पाडायचा. अजून बावळट हो, डोकं खाजव, बाहीला नाक पूस. दिवसभर जिचे हात पाण्यात, ती इतकी घाण कशी राहील, असं मधलीने एकदा विचारलंही. दिग्दर्शक म्हणाला, लेखकानेच तसं लिहिलंय, आणि लोकांना हसायला काहीतरी लागतंच की. मालकीण झालेली नायिका गालातल्या गालात हसली. मधली पुन्हा गालिच्यावर पडली.

पहिल्या प्रयोगाला आई आली, ठेवणीतले कपडे घालून, पुढच्या रांगेत. मधली ठरल्याप्रमाणे आपटली आणि सगळं नाट्यगृह हसून लोटपोट झालं. गालिच्यावर हनुवटी टेकलेल्या मधलीला त्या गदारोळातही एक हसू वेगळं ऐकू आलं. ते आईचं होतं, सगळ्यांच्या वरताण.

विंगेत येऊन तिने खसाखसा तोंड धुतलं, तरी किळस जाईना. दिग्दर्शकाची, त्या मेलेल्या लेखकाची, बाहेर अजून खिदळणाऱ्या लोकांची आणि स्वतःचीही. हुबेहूब पडली होती ना ती!

दुसऱ्या प्रयोगाला ती पडली नाही. केस चापूनचोपून बांधून आली, घड्या अलगद टेबलावर ठेवल्या आणि सरळ उभी राहिली. नायिकेने सवयीने रुमाल नाकाला लावला. मधली तिच्याकडे नुसती बघत राहिली. कोणी हसलं नाही. नायिका पुढचं वाक्य विसरली, रुमाल खाली घ्यावा की नाही हेही तिला सुचेना.

पडदा पडल्यावर दिग्दर्शकाने तिला दोन शब्दांत घरी बसवलं. तिच्या जागी आलेली बाई पडते झकास, टाळ्या घेते, असं पुढे कानावर आलं.

आईने मात्र चांगलंच फैलावर घेतलं. हातातोंडाशी आलेला घास लाथाडलास, आता बस माशा मारत, म्हणाली. मधली दुकानात चादरींच्या घड्या घालत ऐकत होती. शेवटी तिला राहवलं नाही.

"आई, तू कशाला हसलीस?"

आईने इस्त्री उभी केली. बराच वेळ ती एका शर्टाची कॉलर बोटांनी सारखी करत राहिली.

"मला का कळत नव्हतं?" ती म्हणाली. "आजूबाजूला सगळे हसत होते. मी एकटी गप्प बसले असते तर सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं असतं. ही कोण, ते त्यांना लगेच कळलं असतं."

मधलीला आईची मात्र किळस येईना. आईने तो शर्ट पुढे सरकवला, तिने घेतला. नंतर दुकान बंद होईपर्यंत दोघी कामापुरतंच बोलल्या.