चंदाबाईची दोन बोटं

मासेमारीला अकरा दिवस उरले असताना केवळराम सायकलवरून पडला आणि त्याचा उजवा हात मोडला. ही १९८४ च्या एप्रिलमधली गोष्ट. गाव गोंडपिपरीपासून चार कोसांवर, ढिवर मासेमारांची तेवीस घरं, आणि गावामागे मालगुजारी काळातला तलाव.

वर्षातून एकदा, पाणी कमरेपर्यंत उतरलं की सगळे मिळून तलाव ओढत. त्यासाठी लागणारं मोठं जाळं कुणा एकाचं नसे. प्रत्येक घर बारा हात लांबीचा आपला पट्टा विणी, आणि ओढणीच्या सकाळी तेवीस पट्टे एकमेकांना जोडून जाळं तयार होई. ज्याचा पट्टा जाळ्यात नाही, त्याचा हात दोरीला लागत नसे आणि मासळीत त्याला वाटाही नसे. केवळरामच्या घरचा पट्टा त्याच्या आजोबांपासून एकदाही चुकला नव्हता. या वर्षी मात्र उंदरांनी तो पार कुरतडून टाकला होता. नवा विणायला उद्या बसू, परवा बसू, असं करता करता हात प्लास्टरमध्ये गेला.

जाळं विणायचं काम पुरुषांचं. बायकांनी विणू नये असं कुणी म्हटलं नव्हतं; तशी वेळच आली नव्हती. केवळरामची बायको चंदाबाई गोधड्या शिवायची. जुन्या लुगड्यांचे थर आणि वरून तांदळाच्या दाण्याएवढा टाका. आसपासच्या गावांतल्या लेकी सासरी जाताना तिची गोधडी मागून नेत. तिने सुताचं बंडल अंगणात आणलं आणि नवऱ्याला म्हटलं, गाठ कशी मारायची तेवढं दाखव.

केवळरामने आधी ऐकून घेतलं नाही. गोधडी अंगाखाली असते, जाळं मासळीशी भांडतं, हे त्याने तीन वेळा सांगितलं. मग खाटेवरून डाव्या हाताने गाठ दाखवली. तिला ती आपल्यापेक्षा नीट जमते हे त्याला तिच्या चौथ्या गाठीलाच दिसलं. दोन बोटांवरून सूत घ्यायचं, गाठ आवळायची, बोटं काढायची, की जाळ्याचं एक घर, म्हणजे एक भोक, झालं. जाळ्याचं घर दोन बोटांचं, हा गावाचा जुना नियम.

आठव्या दिवशी बंडल संपलं. दरवर्षी एका बंडलात पट्टा होऊन वर सूत उरे. केवळराम उधळपट्टीबद्दल बराच वेळ बोलला. पट्टा दाट दिसतो, असंही म्हणाला. टाका दाटच चांगला, असं सांगून चंदाबाईने दुसरं बंडल आणलं आणि दहाव्या दिवशी सकाळी पट्टा पुरा केला.

त्या दुपारी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, पट्टे पसरले गेले. गावच्या मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष गुणवंतराव एकेक पट्टा ताणून पाहत पुढे सरकत होते. चंदाबाईच्या पट्ट्याशी ते थांबले. गाठी ओढून पाहिल्या, मान हलवली. मग घरात दोन बोटं घातली. ती नखांपाशीच अडकली.

"चंदाबाई, हे जाळं व्हय का चाळणी?"

पाळीवर हशा पिकला. गुणवंतराव हसले नाहीत. या पट्ट्यात बारकी पिल्लंही अडकतील, आणि पिल्लं गेली तर पुढच्या वर्षी काय ओढायचं, हा त्यांचा प्रश्न होता. नवा पट्टा विणायला दिवस उरले नव्हते. त्यांनी तो बाजूला ठेवायला सांगितला.

चंदाबाई हलली नाही. तिने आपली दोन बोटं घरात घातली. ती बरोबर बसली, ना सैल ना घट्ट.

"भाऊ, दोन बोटं सांगतली, दोनच घेतली. कोनाची घ्याची ते कोनी सांगतलं?"

शेजारी उभा असलेला झिंगू म्हणाला की मग पुढच्या वर्षी लेकराच्या बोटांनी विणू. झिंगू गावातला सगळ्यात दांडगा गडी. चंदाबाई सरळ त्याच्या पट्ट्याकडे गेली आणि त्यातल्या एका घरात बोटं घालू लागली. दोन गेली, तीन गेली, चौथंही गेलं.

"अन् हे काय व्हय? मासळीले जायाले दरवाजा?"

आता हसणं थांबेना. जो तो शेजाऱ्याच्या पट्ट्यात बोटं घालू लागला. तेवीसांत कुठल्याच दोन पट्ट्यांची घरं सारखी निघेनात. झिंगूच्या बाजूने दरवर्षी अर्ध्या किलोचे मासे निसटत, आणि तो दोरी ढिली सोडतो म्हणून गाव त्याला बोलत आलं होतं. दोष दोरीचा नसून मोठ्या घरांचा आहे हे पुराव्यासकट समजल्यावर झिंगू फार खूश झाला आणि चंदाबाईच्या बाजूने बोलू लागला.

गुणवंतरावांची अडचण मात्र खरी होती. चंदाबाईने तोड सांगितली. माझा पट्टा काठाच्या टोकाला लावा, मी स्वतः पाण्यात उभी राहते आणि पिल्लं परत सोडते. गुणवंतरावांनी अट घातली.

"टोपल्यात एक बी पिल्लू दिसलं तं पट्टा सोडून देईन, वाटा बी भेटनार नाई."

दुसऱ्या दिवशी सूर्य वर यायच्या आत जाळं पाण्यात उतरलं. चंदाबाई कासोटा घालून कमरेएवढ्या पाण्यात, एका हाताने दोरी धरून, दुसऱ्याने जाळ्यातली पिल्लं वेचून मागे टाकत होती. काठावरून केवळराम सूचना करत होता. त्या कुणी ऐकत नव्हतं. दहाच्या सुमारास जाळं काठाला लागलं. गुणवंतरावांनी तिच्या पट्ट्यातल्या मासळीचं टोपलं पाळीवर उपडं केलं. रोहू, कतला आणि काठच्या चिखलातून दरवर्षी सटकणाऱ्या दोन मोठ्या मरळी. पिल्लू एकही नव्हतं. त्यांनी पुन्हा एकदा चाळून पाहिलं, मग वाटे लावायला घेतले. आठवा वाटा केवळरामऐवजी चंदाबाईच्या नावाने पुकारला. केवळरामने चमकून वर पाहिलं आणि टोपलं डाव्या हाताने पुढे केलं.

पुढल्या वर्षीसाठी एकच माप ठरवायचं, यावर सगळ्यांचं एकमत झालं. कुणाच्या बोटांचं, यावर दुपारपर्यंत झालं नाही. शेवटी गुणवंतरावांनी निकाल दिला की चंदाबाईची दोन बोटं फार बारीक, पण तीन बोटं अगदी बेताची. घराघरातून एकेक माणूस बांबूची कामटी घेऊन आला आणि तिच्या तीन बोटांवर ठेवून कापून घेऊ लागला. झिंगूने तीनदा चुकीची कापली.

"झिंगूभाऊ, आता चौथ्यांदा आलास तं बोटं घरीच घेऊन जाय," चंदाबाई म्हणाली, "मले सैपाक कराचा हाये."