मामाच्या दाढेची डबी

मावशीची कुरकुर आमच्या घरात कुणी मनावर घेत नाही. पंखा जोरात लावला की तिचे कान दुखतात, मंद केला की जीव घुसमटतो, आणि माझ्या दवाखान्यातली खुर्ची तिच्या मानेला टोचते. त्यामुळे खालच्या दाढेचं रूट कॅनाल करून दोन आठवडे झाले तरी ठणका थांबत नाही म्हणाली, तेव्हा मी, तिची भाची आणि वर दातांची डॉक्टर, तिला जरा धीर धर म्हणाले. खालच्या दाढेला दोन मुळं असतात, दोन्ही मी साफ करून भरली होती. एक्स-रे समोर होता.

तिसऱ्या खेपेला तिनं शांतपणे सांगितलं, उद्या दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊन दाढ काढून टाकते. त्या बाजूला चावायला तिला तेवढी एकच दाढ उरली होती, आणि ती माझ्या हातून जाणार होती.

मग तिनं पर्समधून गोळ्यांची जुनी डबी काढली. पहिल्या दिवशीही तिनं ती पुढे केली होती, पण घाईत मी "नंतर बघू" म्हणून बाजूला सारली होती. आत मामाची फार पूर्वी उपटलेली खालची दाढ होती. तिला तीन मुळं होती: दोन जाडजूड, तिसरं मागे, बारीक आणि वाकडं.

"आमच्या दाढांना एक पाय जास्त असतो," मावशी म्हणाली. "पहिल्याच दिवशी सांगत होते."

काही घराण्यांत दाढ जन्मतःच अशी असते, आणि सरळ काढलेल्या एक्स-रेत ते जादा मूळ दुसऱ्याच्या आड लपतं, हे परीक्षेत लिहून मी पास झाले होते. काखेत कळसा नि गावाला वळसा! या वेळी मी फोटो तिरका काढला. तिसरं मूळ डोकावत होतं.

दाढ पुन्हा उघडून त्या मुळाचं तोंड सापडायला पाऊण तास लागला, मग तेही साफ करून भरलं. एरवी पंख्यावरून भांडणाऱ्या मावशीनं हूं की चूं केलं नाही.

आठवड्यानं तिचा फोन आला, ठणका गेला. मला इतकं बरं वाटलं की पुढच्या पेशंटशी मी उगाचच गोड बोलले.

कॅप बसवायला आली तेव्हा खुर्चीत टेकताच म्हणाली, मानेला टोचतंय. मी उशीखाली हात घालून पाहिलं. एक स्क्रू चांगला बोटभर वर आला होता.