राखून ठेवलेलं खत

सासऱ्यांनी युरियाचं दुसरं पोतं पेरणीयंत्राकडे ओढायला घेतलं, तशी सून सरळ त्या पोत्यावर जाऊन बसली.

"हे आत्ता नाही, मामंजी. मका गुडघ्याला लागला की मग."

"जन्मल्या जन्मल्या लेकराला उपाशी ठेवणार?"

"चार घास दिलेत की. अख्खं ताट आत्ताच वाढलं, तर खाणार किती आणि सांडणार किती?"

नवरा नोकरीसाठी शहरात, सासऱ्यांचे गुडघे कुरकुरणारे. त्यामुळे शेत यंदा पहिल्यांदाच तिच्या हाती आलं होतं. सासरे पुटपुटत निघून गेले, पण रोज सकाळी बांधावर येऊन उभे राहू लागले. पलीकडे शेजाऱ्याचा मका हिरवागार, तरारलेला; त्याने सगळं खत पेरतानाच देऊन टाकलं होतं. आपला मात्र जरा फिकट. घरी आल्यावर ते चहाचा कप आपटून ठेवत. सून ऐकून न ऐकल्यासारखं करी. तिने एक रोप उकरून पाहिलं होतं. मुळं जेमतेम बोटभर. एवढं खत ती पिणार कुठून?

मग पावसाने ठाणच मांडलं. सऱ्या तुडुंब भरल्या, पाणी उताराकडे धावत सुटलं. उघडीप झाली तेव्हा शेजाऱ्याच्या मक्याची खालची पानं टोकापासून पिवळी पडत चालली होती. खतातलं नत्र पाण्याबरोबर मुळांच्या आवाक्याबाहेर गेलं होतं.

मका आता गुडघ्याला लागला होता. जादा पाणी निचरून जमिनीला वाफसा येताच सुनेने राखलेली पोती बाहेर काढली. आभाळाचा अजून भरवसा नव्हता, म्हणून युरियाला आधी एक औषध चोळायचं होतं. त्याने नत्र मातीत जास्त दिवस टिकतं.

शेजारी बांधाशी येऊन थबकला.

"काका, तुमच्याकडे खत शिल्लक राहिलं कसं?"

सासऱ्यांनी घसा खाकरला.

"आम्ही आधीच ठरवलं होतं. घाई करायची नाही."

सुनेने मान वर केली नाही. ओठ घट्ट मिटून तिने औषधाची बाटली त्यांच्यापुढे धरली.

"मग प्रमाणही तुम्हीच सांगा, मामंजी."

सासऱ्यांनी बाटली लांब धरली, जवळ आणली, पुन्हा लांब धरली. मग शेजाऱ्याकडे पाठ करून हळूच म्हणाले,

"काय लिहिलंय गं?"