अजून एक रविवार

चौकाच्या अलीकडे रोझाल्बाने वेग कमी केला, दुसरा गिअर टाकला आणि वडिलांकडे पाहिलं.

"माझ्या तोंडाकडे काय बघतेस? रस्ता समोर आहे."

"कुठे वळू, बाबा?"

"चौकात विचारायचं नाही. स्टिअरिंग तुझ्या हातात आहे ना?"

ती डावीकडे वळली. जेरार्दोंनी गावाहून पोटेन्झाला जाणारी बस अडतीस वर्षं चालवली होती. तेच थांबे, त्याच वेळा. निवृत्त झाल्यावर त्यांना एकच चैन हवी होती : जिथे एकही थांबा नाही अशा रस्त्याने उगाच जायचं आणि जेवायच्या वेळेला परत यायचं. मुलगी छत्तिसाव्या वर्षी गावच्या ग्रंथालयात नोकरी धरून घरी परतली, गाडी शिकायला लागली आणि ही चैन दोघांची झाली. मागच्या काचेवर शिकाऊचं 'पी' अक्षर चिकटवलेलं असावं, शेजारी जुना चालक बसलेला असावा आणि तो पासष्टीच्या पुढचा नसावा, एवढंच कायद्याला हवं होतं.

"अजून वर्षभर तरी कायद्याला चालतो मी," ते म्हणत. "तेवढ्यात पास हो. नाहीतर दुसरा मास्तर शोधावा लागेल, आणि तुला दुसरं कोण सोसणार?"

नोव्हेंबर होता. टेकड्या नुकत्याच नांगरल्या होत्या आणि पवनचक्क्या जेमतेम हलत होत्या. एका वळणावर थांबून त्यांनी संत्री सोलली. जेरार्दो साल खिडकीबाहेर न टाकता खिशात ठेवत. बसमधली सवय.

"गुरुवारी परीक्षेत नक्की चुकलं काय?"

"गाडी मागे घेताना. चाक फुटपाथवर चढलं."

"दुसऱ्यांदा! बसवाल्याची पोरगी आणि गाडी मागे घेता येत नाही. कुणाला सांगू नकोस."

ती हसली. तिच्या पर्समध्ये, वाचनालयाच्या कार्डामागे, गुरुवारी परीक्षकाने तिच्या हातात ठेवलेला परवाना होता. पास झाल्याचा आनंद तिला परतीच्या बसमध्ये निम्म्या वाटेपर्यंत पुरला. मग रविवार आठवला. परवाना असलेल्या मुलीशेजारी बाप कशाला बसेल? दारात वाट पाहत उभ्या असलेल्या माणसाला ती म्हणाली, "नापास." खरं काय ते नाताळच्या जेवणात सांगू, असं तिने ठरवून टाकलं.

सोमवारी सकाळी जेरार्दो कॉफीचं भांडं गॅसवर ठेवायला उठले आणि तिथेच कोसळले. डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं.

मंगळवारी त्यांना पुरलं. त्यानंतर घरात चूल पेटली नाही. रीतीप्रमाणे शेजारणी पाळीपाळीने जेवण आणत आणि संपेपर्यंत समोर बसून राहत. अस्सुंता, रोझाल्बाची आई, काळ्या कपड्यांत टेबलाच्या टोकाला बसे आणि येणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगे.

"पोरीचा परवाना तेवढा राहिला. दोनदा नापास झाली. तीच काळजी घेऊन गेला हो."

रोझाल्बा ताटल्या उचलून आत जाई. नळ सोडला की आईचा आवाज ऐकू येत नसे.

शुक्रवारी तिने खुंटीवरची किल्ली काढली.

"कुठे निघालीस?" अस्सुंताने विचारलं.

"कुठेच नाही. जेवायला येते."

शेजारच्या चेलेस्तीनाचा सूप वाढणारा हात थांबला. "बापाला पुरून चार दिवस झाले नाहीत, आणि ही हवा खायला निघाली! आणि परवाना गं?"

रोझाल्बाने दार ओढून घेतलं.

कब्रस्तानाच्या चढावर गाडी बंद पडली आणि मागे घसरली. तिने हाताचा ब्रेक ओढला. तिने गाडी पायथ्याशी नेली आणि पुन्हा चढ घेतला. पुन्हा बंद. सहाव्यांदा गाडी न घसरता वर पोचली, तेव्हा तिथे न थांबता ती तशीच पुढे गेली, जिथे थांबा नाही अशा रस्त्याने. मग ती रोजच जाऊ लागली. शनिवारी पाऊस होता, तरी गेली. रविवारी शेजारची रिकामी जागा बघवेना म्हणून तिथे पर्स ठेवली, आणि गेली.

गाडी काढायला लागल्यापासून नवव्या दिवशी गावच्या पोलिसाने, दोनातोने, हात दाखवून तिला थांबवलं. बारमध्ये तो जेरार्दोंचा पत्त्यांतला जोडीदार होता.

"काचेवर 'पी', आणि शेजारी माणूस नाही," तो खिडकीशी वाकून म्हणाला. "गावभर बोंब आहे, पोरी. आठवडाभर मी डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं. आता मलाच लाज वाटायला लागली."

तिने पर्समधून परवाना काढून दिला. दोनातोने चष्मा लावला, तारीख वाचली, परवाना जरा लांब धरून पुन्हा वाचली.

"हा तर त्या गुरुवारचा."

"हो, काका."

त्याने चष्मा काढून खिशात ठेवला.

"त्यानंतरच्या शनिवारी तुझ्या बापाने अख्ख्या बारला वाइन पाजली. एरवी कॉफी पाजायची म्हटलं तरी त्याच्या जिवावर यायचं. मी म्हटलं, जेरार्दो, लॉटरी लागली का रे? म्हणाला, पोरगी नापास झाली."

रोझाल्बाने स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून ठेवलं. गाडी कधीची थांबलेली होती.

"आम्हाला वाटलं, म्हातारा चळला," दोनातो म्हणाला. त्याने परवाना परत केला आणि टोपी नीट केली. "जा. सावकाश जा."

ती घरी आली तेव्हा टेबलाभोवती तिघीजणी होत्या.

"आई, कोट घाल. माझ्याबरोबर चल."

"आत्ता? लोक काय म्हणतील?"

"ते म्हणतातच आहेत. ऊठ."

काय वाटलं कोण जाणे, अस्सुंता उठली. गाडीत तिने खिडकीवरची आधाराची मूठ दोन्ही हातांनी पकडली आणि गाव मागे पडेपर्यंत एकसारखी पुटपुटत राहिली. शेवटच्या घरानंतर तिने एक हात सोडला. तिने बाहेरची नांगरट पाहिली, आपली जागा चाचपली.

"इथेच बसायचा ना तो," ती म्हणाली. "तुझी काळजी करत."

रोझाल्बाने गाडी कडेला घेतली. ब्रेक ओढला, इंजिन बंद केलं.

"बाबा काळजीत नव्हते, आई. जायच्या आधीच्या शनिवारी त्यांनी सगळ्या बारला वाइन पाजली, मी नापास झाले म्हणून. आणि मी नापास झालेच नव्हते. गुरुवारीच पास झाले. त्यांच्याशी खोटं बोलले."

अस्सुंताचा दुसरा हातही मुठीवरून हळूहळू खाली आला. "का गं?"

रोझाल्बा समोरच्या रस्त्याकडे पाहत होती.

"शेजारी बाबा बसलेले असले ना, आई," ती म्हणाली, "की मला दुसरं काही नको असायचं."