ज्याचं त्याचं झाकण

टण्ण! स्वयंपाकघरात झाकण पडलं आणि दुपारची शांतता मोडली. म्हणजे लेक उठली. तिच्या झोपेतून चोरलेली माझी दुपार संपली.

समोर लॅपटॉपवर नणंदेनं पाठवलेला नमुना उघडा होता. ती विणकामाच्या कारखान्यात यंत्र चालवते. स्वेटर कसा विणायचा ते साध्या शब्दांत लिहून देते, आणि मी केलेला प्रोग्राम ते वाचून यंत्राला समजावतो. सकाळी फोनवर तिनं माझी चांगलीच हजेरी घेतली होती.

"वहिनी, तुझं हे बाळ नुसतं भोकाड पसरतं. म्हणे, शेवटच्या ओळीत चूक! तिथे एकच शब्द आहे, 'संपलं'. त्यात काय डोंबल चुकणार? आज नमुना यंत्रावर चढला नाही, तर साहेब मला घड्या घालायला बसवणार आहेत."

चूक तिचीच होती. पण कुठे, ते सांगणं माझं काम. माझा प्रोग्राम आधी स्वेटर उघडतो, त्याच्या आत बाही, बाहीच्या आत पट्टा. आतलं वाचून झालं की एकेक पायरी बाहेर येतो. उघडायला मी वेगवेगळे शब्द दिले होते, बंद करायला मात्र सगळ्यांना एकच, 'संपलं'. पट्टा बंद करायचा राहिला, तर बाहीचं 'संपलं' त्याच्या नावावर खपून जायचं, आणि बोंब व्हायची थेट शेवटी.

आत गेले तर लेक डब्यात डबा, त्यात आणखी एक डबा घालून बसलेली. हातातलं झाकण दाबून दाबून दमली होती.

"हे याचं नाहीच्चे," ती मलाच रागावली. "याचं वेगळं असतं."

मी तिला डब्या-झाकणांसकट उचललं, मांडीवर बसवलं आणि कामाला लागले. आता 'पट्टा संपला', 'बाही संपली', ज्याचं त्याचं झाकण. शिवाय आत शिरताना प्रोग्रामनं ओळीचा आकडा ध्यानात ठेवायचा. नणंदेनं कुरकुरत का होईना, नमुना नव्या शब्दांत लिहिला.

थोड्या वेळानं फोन आला. मागे यंत्राची खडखड.

"वहिनी, बोललं गं! 'डाव्या बाहीतला पट्टा तुम्ही बाराव्या ओळीत उघडलात, तो बंद करायचा राहिला.' लगेच सापडलं. विणायला लागलंसुद्धा! आणि मला अहो-जाहो करतंय, साहेबांनी कधी केलं नाही ते. सगळ्यांना ओरडून सांगितलं, हे माझ्या वहिनीचं काम आहे म्हणून!"

फोन ठेवला तरी माझं हसू काही आवरेना. लेक मान वर करून बघत होती.

"आई, चुकलं की ते सांगतं?"

"हो तर! कुठे चुकलं, तेसुद्धा. तुझ्या आईनं शिकवलंय त्याला."

"आणि बरोबर आलं की?"

"मग काही म्हणत नाही. गप्प कामाला लागतं."

तिनं डब्याला त्याचं झाकण घट्ट बसवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"शाब्बास का नाही म्हणत?"