अर्धं वजन, दुप्पट दोर

लातूर वेगळा जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती आणि त्यातली शेवटची दोन कोरडीच गेली होती. जिल्हा नवा, कचेऱ्या नव्या, साहेब नवे. मुरुडजवळच्या आमच्या गावाला मात्र पाणी असलेली एकच विहीर उरली होती. मी शाळेत पहिली-दुसरी शिकवायचे. तिसरी-चौथी गुरुलिंग गुरुजींकडे. माणूस भला, पण गणिताचं वेड असं, की पोरं झोका खेळली तरी हा गृहस्थ झोका फळ्यावर मांडणार.

त्या वर्षी त्यांचा सगळा जीव चौथीतल्या महानंदावर होता. पोरगी खरंच हुशार. गुरुजी म्हणायचे, "बाई, ही शिष्यवृत्तीत आली न्हाई तर मी खडू हातात धरणार न्हाई." आणि नेमकी तीच शाळेत येईना. बाप हैदराबादेत गवंड्याच्या हाताखाली. पाणी इतकं खोल गेलेलं, की आई गंगम्मा आणि ती, दोघींनी जोर लावल्याशिवाय बादली वर येत नव्हती.

एक दिवस ती आली, तेव्हा गुरुजींनी विहिरीचाच धडा घेतला. फळ्यावर बादली काढली, वजन लिहिलं बारा किलो.

"बादलीलाच आणखी एक कप्पी लावली, दोराचं एक टोक वर तुळईला बांधलं, की वजन दोन पदरांवर येतं. बारा भागिले दोन?"

"सहा!"

"पण फुकट काही मिळत न्हाई. दोर किती ओढायचा?"

"दुप्पट!" सगळ्यांच्या आधी महानंदा ओरडली.

गुरुजी तेवढ्यावर थांबतील तर ना! मुरुडच्या पाशामियाँ लोहाराकडून त्यांनी कप्पी घडवून आणली, लांब दोर आणला आणि गावादेखत विहिरीवर बांधली. महानंदानं एकटीनं बादली वर काढली. तोंडाला पदर लावून हसणाऱ्या बायकाही मग ओढून बघायला पुढे सरकल्या. गुरुजींचा आनंद पोटात मावेना. "आता गंगम्मा एकटी ओढील," ते मला म्हणाले. "पोरगी सोमवारपासून वर्गात."

सोमवारी ती आली नाही. मंगळवारीही नाही. शाळा सुटल्यावर आम्ही दोघं विहिरीवर गेलो, तर महानंदा एकटीच दोर ओढत होती आणि गंगम्मा रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला गेली होती.

माझं डोकंच फिरलं. संध्याकाळी मी गंगम्माला रस्त्यातच गाठलं आणि वाट्टेल ते बोलले. तिनं डोक्यावरची पाटी खाली ठेवून सगळं ऐकून घेतलं.

"बाई, दोघीचं काम एकीवर आलं. मंग म्या पाण्यावर थांबू, का कामावर जाऊ? लेकरू खडी फोडंल का?"

मी पाटी उचलून तिच्या डोक्यावर दिली.

गंगम्माला सुचलं ते घरोघरी सुचायला वेळ लागला नाही. मोठ्यांचं काम आता लहानांच्या हातात बसत होतं. आया कामावर जाऊ लागल्या आणि चौथीच्या मुली विहिरीवर. गुरुजींच्या वर्गात मुलींची रांग रिकामी झाली. ते मुलांपुढे उभे राहून शिकवायचे, पण आवाजात जीव नसायचा. मला त्यांची कीव यायची आणि रागही यायचा.

परीक्षा तोंडावर आली तेव्हा ते उठले. "कप्पी काढून टाकतो," म्हणाले. मी त्यांच्याबरोबर गेले. त्यांनी तुळईच्या गाठीला हात घातला आणि महानंदा मधे आली.

"काढू नगा गुरुजी. माय घरी बसली तर भाकर कुठनं आणू? म्या इचार केलाय. अजून एक कप्पी लावा."

"अजून?"

"हाव. दोराचे तीन पदर व्हतील. बारा भागिले तीन, चार. चार किलो भीमाला जमंल. मंग म्या शाळेत येते."

भीमा तिची धाकटी बहीण, माझ्या पहिलीतली. कळशी धरून शेजारीच उभी होती. आता आपल्याला काहीतरी मोठं काम मिळणार म्हणून ती हसत होती.

"बरोबर हाय ना, गुरुजी?" महानंदानं विचारलं.

गुरुजींनी गाठीवरचा हात काढला. माझ्याकडे पाहिलं, भीमाकडे पाहिलं.

"बरोबर आहे," ते म्हणाले.