रोह्याची पुडी

रघूच्या काळजात भोक निघालं, तेव्हा घरात कुणाला फार विचार करावा लागला नाही. चंद्रावती सातव्या महिन्यात असताना ग्रहण लागलं होतं आणि ती सासऱ्यांच्या कारखान्यात गणपतीच्या मूर्तींचे सांधे सुरीने तासत बसली होती. सुरी चालली मूर्तीवर, उमटली पोराच्या छातीत. त्या दिवशी सुरी तिच्या हातात दिली कुणी, हे मात्र कुणी विचारलं नाही.

मुलगा झाला, ही तिची कमाई नव्हती. ते श्रेय रोह्याच्या पुडीचं. पहिली मुलगी होती, म्हणून दुसऱ्या खेपेला पाळी चुकल्याबरोबर सासूबाई, धोंडुबाई, तिला रोह्याला एका माणसाकडे घेऊन गेल्या. पुडी दुसऱ्या महिन्यात घ्यायची, खाली गोऱ्हा असलेल्या गाईच्या दुधातून, नाक दाबून. तिने घेतली. नको म्हणायला त्या घरात तिला जागाच नव्हती.

आज पेणच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी कागदावर एक नळी काढली.

"आधी एवढंच असतं. साधी नळी. पण बाईला दिवस गेल्याचं धड कळलेलं नसतं, तेव्हाच ती धडधडायला लागते. मग वाकते, स्वतःभोवती वळसा घेते, आत पडदे वाढत येतात, चार खण होतात. तिसरा महिना अर्धा होईतो काम पुरं. तुमच्या बाळाचा एक पडदा मिळायचा राहिला. शस्त्रक्रिया करून बुजवता येईल."

"आणि सातव्या महिन्यातलं ग्रहण?"

"त्याचा काय संबंध? हृदय केव्हाच तयार झालेलं."

चंद्रावतीने मांडीवरच्या रघूकडे पाहिलं. ओठाच्या कोपऱ्यात दूध ठेवून तो झोपला होता. किती महिन्यांनी तिने पुरता श्वास घेतला.

"त्या सुरुवातीच्या दिवसांत काही औषधबिवषध?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नाय बा," शेजारी बसलेल्या धोंडुबाई चटकन म्हणाल्या. "साधी गोळीसुद्धा नाय."

"मुलग्याची पुडी घेतली होती," चंद्रावती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "त्यानंच झालं असं मी खात्रीनं नाही सांगू शकत. पण त्या दिवसांत असलं काही पोटात जाणं फार वाईट. पुन्हा कुणाला घेऊ देऊ नका."

चंद्रावतीने सासूकडे पाहिलं. गडब गावी दिलेली नणंद हौसा, दोन मुलींची आई, तिला आता दुसरा महिना होता. आणि तिची पुडी या क्षणी धोंडुबाईंच्या कनवटीला होती.

दवाखान्यातून घरी न जाता धोंडुबाईंनी गडबची एस.टी. धरली. उतरताना एवढंच म्हणाल्या, "पोराला सांभाळ नि तोंडाला कुलूप घाल."

हौसाने दूध कोमट करूनच ठेवलं होतं. धोंडुबाईंनी पुडी सोडली.

"हौसाताई, नका घेऊ," चंद्रावती म्हणाली. "आत्ता आत बाळाचं काळीज बनतंय. डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून दाखवलं."

"ऐक गो हिचं! ग्रहणात सुरी चालवली हिनं, नि बोल औषधाला."

"ग्रहणाचा संबंध नाय म्हणाल्या त्या, आई. तुमच्यासमोर."

"त्यांना काय जातंय म्हणायला? मुलगे असतील त्यांना."

हौसा दूध ढवळत होती. "वहिनी, तू घेतलीस तेव्हा मी आडवी आले व्हते का गो?"

"तेव्हा मला ठाऊक नव्हतं."

"आता मांडीवर मुलगा हाय, म्हणून ठाऊक झालं. मला तिसरी पोर झाली तर या घरात दुसरी बायको येईल. ते कुठला डॉक्टर बुजवील?"

रघू जागा होऊन कुरकुरला. चंद्रावतीने भिंतीला टेकून त्याला पदराखाली घेतलं. चार घोट ओढले आणि तो दमला, कपाळावर घाम फुटला. तिने बोटाने टिपला. "बघा, हौसाताई. याला दूध प्यायचेही कष्ट पडतात."

हौसाने पाहिलं, अगदी असोशीने पाहिलं. "भोकाचा चालंल मला," ती हळूच म्हणाली, "पण मुलगा पायजे."

चंद्रावती एका हाताने वाटीकडे झेपावली. धोंडुबाईंनी तिचं मनगट धरलं आणि दूध संपेपर्यंत सोडलं नाही.

हौसाने पदराने तोंड पुसलं आणि रिकामी वाटी चंद्रावतीपुढे सरकवली. "घासून टाक गो, वाळायच्या आत."